नवऱ्याकडची नोकरी

माझ्या नवऱ्याने मला नोकरीवर ठेवलं तेव्हा मला हसू आवरेना. दुकान माझ्या बापाचं. डुकराची मांडी हाडापासून सोडवायला मी बापाच्या शेजारी उभी राहून शिकले, तेव्हा लीलंड ह्रुस्का हा मुलगा पलीकडच्या गल्लीत सायकल शिकताना गुडघे फोडून घेत होता. आणि आता आम्ही दोघं कर-सल्लागार ड्वेनच्या ऑफिसात बसून कागद करत होतो, की लीलंड हा दुकानाचा मालक आणि मी, लव्हॉन, त्याची पगारी नोकर. कामाचं स्वरूप: झाडलोट, फोन घेणं, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी उतरवून घेणं. सही करताना मी लीलंडला कोपराने ढोसलं आणि विचारलं, "मालक, नाताळला बोनस किती?" तो मनापासून हसला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. त्या हसण्यावर मी भाळले आणि सही करून बसले.

लीलंडचे सांधे चाळिशीतच गेले. सकाळी बोटं वळेनात, गुडघे सुजून लालभडक व्हायचे. शेवटी लिंकन शहरातल्या डॉक्टरने शिरेतून द्यायचं एक औषध सुरू केलं. त्याने माणूस उभा राहिला, पण त्या औषधाची किंमत ऐकून मी खाली बसले. आमच्या लिबुशा गावात लोक मक्याच्या भावाबद्दल जितकं बोलतात तितकंच दवाखान्याच्या बिलांबद्दल बोलतात. नोकरदाराचं बरं असतं, त्याचा विमा कंपनी काढते. ज्याचा स्वतःचा छोटा धंदा, त्याला कुणी वाली नाही. विमा स्वतःच्या पैशाने घ्यायचा, आणि तो विमा आधी मोठी रक्कम तुमच्याच खिशातून जाऊ देणार, मग कुठे बोट हलवणार.

ड्वेन म्हणाला, यातून एक वाट आहे, आणि ती अगदी कायदेशीर आहे. धंदेवाला स्वतःच्या औषधपाण्यावर जे खर्च करतो ते धंद्याच्या खर्चात धरत नाहीत. पण त्याने नोकर ठेवला, आणि त्या नोकराचा नि त्याच्या घरच्यांचा दवाखान्याचा भार उचलला, तर तो झाला धंद्याचा खर्च. तेवढ्यावर कर नाही. नोकर म्हणून बायको चालते. मग बायको नोकर, आणि मालक कोण, तर नोकराच्या घरचा माणूस. औषध, विमा, चष्मा, दातांची कवळी, सगळं त्यात बसतं. हे सांगताना ड्वेन टेबलावरच्या वाडग्यातल्या बटरस्कॉचच्या गोळ्या आमच्याकडे सरकवत होता. काउंटीतल्या निम्म्या शेतकऱ्यांच्या बायका अशाच नवऱ्यांच्या नोकर आहेत, असंही त्याने सांगितलं. फक्त नोकरी खरी हवी. पगार चेकने, हजेरीचं कार्ड रोजच्या रोज, आणि नोकराचा मालकीत कुठेही हात नको.

मग त्याने विचारलं, "दोघांपैकी मालक कोण आणि नोकर कोण? कसंही केलंत तरी चालेल."

कसंही चालणार होतं, हे लक्षात ठेवा. मी मालकीण आणि लीलंड माझा गडी, असं केलं असतं तरी औषध तेवढंच मिळालं असतं. बाप गेल्यापासून दुकान माझ्याच नावावर होतं. पण लीलंड आपल्या बुटांकडे बघत राहिला. तो रोज सकाळी धान्याच्या कोठारावर चार माणसांत कॉफी प्यायला जायचा, आणि तिथल्या जिभा मला माहीत आहेत. बायकोचा गडी आला रे, म्हणून त्यांनी त्याला मरेपर्यंत सोडलं नसतं. माणूस आधीच दुखण्याने खचलेला. मी म्हटलं, लीलंडला करा मालक, मला काय फरक पडतो.

इमारत आमची कधीच नव्हती. ती गावातल्या चेक लोकांच्या मंडळाची, वर नाचाचा हॉल आणि खाली आमचं दुकान. भाडेकरार माझ्या नावावरून त्याच्या नावावर गेला. यंत्रं, धुराची खोली, बापाचं नाव असलेली पाटी, सगळं एका दुपारी त्याचं झालं. बँकेतली माझी सही काढली. बँकेतली बाई माझ्या शाळेतली, ती म्हणाली, लव्हॉन, हे काय गं? मी म्हटलं, बढती मिळाली.

दुकानात मात्र काही बदललं नाही. आमचं नाव आहे ते लसणाच्या सॉसेजसाठी. शिकारीच्या दिवसांत लोक लांबलांबून आपलं हरीण ट्रकमागे टाकून आणतात, आम्ही त्याचं सॉसेज करून धुरावर टांगतो. बापाची एक रीत होती. मसाला कालवून झाला की त्यातला लिंबाएवढा गोळा तव्यावर टाकायचा आणि बशीत घालून चाखायला आणायचा. चाखणारा हो म्हणाला तरच आतड्यात भरायचं. कारण मांस रोज एकसारखं नसतं. हरीण कोरडं असतं, डुक्कर कधी जास्त चरबीचं, लसूण नवा की जुना, हवा दमट की कोरडी, सगळ्याचा हिशोब जिभेवर. आधी बाप चाखायचा, मग मी. अर्विन हा आमचा बापाच्या वेळचा कामगार, बशी घेऊन यायचा आणि मी तोंडात टाकून सांगायची, मीठ टाक, नाहीतर मार्जोरमचा पाला वाढव. लीलंडला ते जमण्यासारखंच नव्हतं. औषधाने त्याची चव गेली होती. टोमॅटो आणि साबण त्याला सारखेच लागायचे. हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी त्याने मला शपथ घातली होती.

दर शुक्रवारी लीलंड मला पगाराचा चेक द्यायचा. सुरुवातीला मी वाकून सलाम करायची. मग नुसतीच घ्यायला लागले.

लिंकनची कंपनी आली ती गेल्या वर्षी. असली जुनी दुकानं शोधून विकत घ्यायची आणि पाटी तीच ठेवायची, हा त्यांचा धंदा. त्यांचा माणूस ट्रेव्हर, पोरगेलासा, नखं इतकी स्वच्छ की मला त्याची कीवच आली. त्याने लीलंडला आकडा सांगितला. लीलंड घरी येऊन जेवताना म्हणाला की आपण विकूया, अॅरिझोनात जाऊया. तिथे थंडी नाही.

त्याचं दुखणं खोटं नव्हतं. जानेवारीत त्याच्या शर्टाची बटणं मी लावते, बुटांचे बंद मी बांधते. पण दुकान विकायचं म्हणजे काय? त्या धुराच्या खोलीत माझा बाप अजून आहे असं मला वाटतं. वेडेपणा म्हणा, पण वाटतं. मी काटा खाली ठेवला.

"दुकान माझं आहे, लीलंड."

तो चिडला असता तर मी भांडले तरी असते. त्याने बटाटा मोडला आणि हळूच म्हणाला, "होतं."

दुसऱ्या दिवशी मी ड्वेनकडे गेले. त्याला म्हटलं, झालं ते झालं, आता मला खरं सांगायचंय. दुकान माझं आहे, मी चालवते, गावातल्या कुत्र्यामांजरांना ठाऊक आहे. ड्वेनने गोळ्यांचा वाडगा सरकवला. मी तो परत सरकवला. मग त्याने समजावून सांगितलं. मी मालकीण म्हणजे मी नोकर कधी नव्हतेच. नोकर नव्हते म्हणजे इतक्या वर्षांचा औषधाचा सगळा खर्च चुकीचा. करखातं जाता येईल तितकं मागे जाऊन कर वसूल करणार, वर दंड, वर व्याज, आणि त्यात ते दुकानच जाणार. आणि योजना त्याच दिवशी बंद, म्हणजे लीलंडचं औषधही बंद.

मी विचारलं, आणि काडीमोड घेतला तर? ड्वेन गोळीचा कागद सोडत होता, तो थांबला. तो म्हणाला, मग तो तुमच्या घरचा माणूस उरत नाही. औषध तेव्हाही बंद.

आमच्या शीतखोलीच्या दाराला आतून ढकलायची एक मूठ आहे, कुणी चुकून कोंडलं गेलं तर बाहेर पडता यावं म्हणून. मी ड्वेनसमोर बसून तशी मूठ चाचपत होते. कुठेच नव्हती.

आणि मग त्याने मला पत्र दाखवलं. करखात्याने तपासणीसाठी आमचंच नाव काढलं होतं. अधिकारी दुकानात येणार, दोघांना प्रश्न विचारणार.

"म्हणजे मी माझ्याच दुकानात उभं राहून सांगायचं, की मी इथली कुणी नाही?"

"तुम्ही नोकर आहात एवढंच सांगायचं," ड्वेन म्हणाला. "दरवर्षी सही करून तेच सांगत आलात की."

वाईट माणूस नाही ड्वेन. बाहेर पडताना त्याने माझ्या कोटाच्या खिशात मूठभर गोळ्या कोंबल्या, लहान मुलाच्या कोंबतात तशा.

अधिकारी ओमाहाहून आली. मिस टालबट तिचं नाव, तिशीतली, हळू बोलणारी. तिच्यावर राग काढावा असं तिने काहीच केलं नाही. आम्ही मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसलो, एका बाजूला ती, एका बाजूला लीलंड आणि ड्वेन, आणि टोकाला मी, एप्रन घालून. ड्वेननेच सांगितलं होतं एप्रन घाला म्हणून. कामावर किती वाजता येता, सुट्टी कुणाकडे मागता, पगार कसा मिळतो, असं ती विचारत होती आणि मी शिकवलेल्या पोपटासारखी उत्तरं देत होते. लीलंड सांगतो, लीलंड देतो, लीलंड ठरवतो. ती लिहून घेत होती.

तेवढ्यात दार ढकलून अर्विन आला. शिकारीचे दिवस, कुणाच्या तरी हरणाचा मसाला कालवून झाला होता. त्याच्या हातात बशी, बशीत तो गोळा, अजून चरचरत होता. त्याने कुणाकडे बघितलं नाही, सरळ माझ्यापुढे बशी ठेवली आणि म्हणाला, "बघ गं."

मिस टालबटचं पेन थांबलं. ड्वेनचा चेहरा पांढरा पडला. आणि मला नुसत्या वासावरून कळलं की अर्विन मार्जोरम घालायचाच विसरलाय. हल्ली विसरायचा, वय झालंय. माझा हात अर्ध्यावर गेला होता. तो मी एप्रनला पुसला.

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. "मालकाला विचार."

अर्विनने माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याच्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग त्याने बशी उचलून लीलंडपुढे ठेवली. लीलंडने तुकडा मोडला, नीट चावला. मी त्याचे जबडे हलताना बघत होते. ज्याला मीठ आणि साखर कळत नाही तो माणूस मान डोलावून म्हणाला, झकास झालंय, भर. अर्विन जागचा हलेना. माझ्या एका शब्दाची वाट बघत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तो गेला, आणि मागे यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. कुणाचं तरी अख्खं हरीण वाया जात होतं आणि मी हात मांडीवर घेऊन ऐकत होते.

मिस टालबटने पान उलटलं. नवरा तुम्हाला कामावरून काढू शकतो का? हो. धंद्यात तुमचं स्वतःचं काही आहे? नाही. मग तिने मान वर केली.

"उद्या त्यांनी हे दुकान विकायचं ठरवलं, तर तुम्हाला विचारावं लागेल का?"

लीलंडचे हात टेबलावर होते. बोटांचे सांधे गाठीगाठींचे, एक बोट कायमचं वाकडं. त्या हातांच्या बाह्यांची बटणं मी सकाळी लावली होती. विचारावं लागेल, असं म्हटलं की संपलं. विचारावं लागणार नाही म्हटलं तरी संपलं. फक्त दोन्हीकडे संपणारी माणसं वेगळी होती.

"नाही," मी म्हटलं. "मला कुणी विचारायची गरज नाही."

तिने ते लिहिलं, मला वाचायला दिलं आणि खाली सही घेतली.

परत जाताना ट्रकमध्ये लीलंड शीळ घालत होता. ड्वेन म्हणालाय, केस बंद झाल्यात जमा आहे, असं त्याने मला सांगितलं. मग गाडी आमच्या गल्लीत वळवता वळवता म्हणाला, बरं झालं तू स्वतःच म्हणालीस, मला वाटत होतं विकायच्या वेळी तू अडून बसशील. मी वळून बघितलं, थट्टा करतोय का म्हणून. थट्टा नव्हती.

"मी ते तुझ्या औषधासाठी म्हटलं, लीलंड."

"हो, ते आहेच," तो म्हणाला. "पण म्हणालीस ना."

मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की ट्रकचं दार उघडून चालत्या गाडीतून उतरावंसं वाटलं. उतरून जाणार कुठे होते? घर समोरच होतं, आणि त्याला पायऱ्या चढवायला कुणीतरी लागतं. मी त्याला पायऱ्या चढवल्या.

करखात्याचं पत्र आलं, सगळं ठीक आहे. मग विक्रीचे कागद झाले. बँकेत सह्या होत होत्या तेव्हा मला कुणी बोलावलं नाही. बोलावणार कशाला? मी दुकानात पुडे बांधत होते. लीलंड आला तो बेकरीतून खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाचांचा, खोका घेऊन, मला आवडतात म्हणून. गालावर रंग चढला होता. त्याने माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि सांगितलं, मी तुझ्यासाठी करारात एक कलम घालून घेतलंय.

"तुझी नोकरी पक्की केली, लव्हॉन. कंपनी तुला काढू शकत नाही. आणि घरच्यांसकट विमा. मी पासष्टचा होऊन सरकारी विमा मिळेपर्यंत."

त्याचे डोळे चमकत होते. त्याला खरंच वाटत होतं की त्याने मला काहीतरी आणून दिलंय. तू तुझ्या बाबांच्या दुकानात राहशील, मी उन्हात, औषध चालू, सगळ्यांचंच भलं झालं, असं तो म्हणाला. मी एक कोलाच उचलून खाल्ला. पासष्टला अजून बराच अवकाश होता. तोवर मी त्या दुकानात बसले तर त्याची बोटं हलणार, मी उठले तर थांबणार. त्याला हे असं कधी दिसलंच नाही, आणि मला सांगताही येईना. मी विचारलं, चहा ठेवू का?

लीलंड अॅरिझोनात गेला. तिथे त्याच्या भावाचं घर आहे. मी नव्या मालकाकडे हजर झाले.

ट्रेव्हरला दुकानाबरोबर जुनी फाइल मिळाली होती, आणि फाइलीत माझ्या कामाचं स्वरूप होतं. झाडलोट, फोन, ऑर्डरी. त्याने तेच काम मला दिलं, त्याचा काय दोष. मला पुढच्या बाजूला टेबल दिलं, टेबलावर फोन दिला. मागे जायला बंदी. तिथे जायला पांढरी टोपी लागते, आणि माझ्या कामाला टोपी नाही. मसाल्याचं माप आता भिंतीवर लावलंय. ते लीलंडने सांगितलं आणि ट्रेव्हरने छापून आणलं. अर्विन त्याबरहुकूम कालवतो. बशीची पद्धत बंद केली, वेळ जातो म्हणून.

मग फोन यायला लागले. सॉसेज कडू लागतंय, सॉसेज फिकं लागतंय, तुमच्या बापाने हे कुत्र्याला तरी घातलं असतं का? फोन घेणार कोण, तर मी. बापाच्या नावाने लोक जे जे बोलत होते ते मी नीट अक्षरात लिहून घेत होते आणि ट्रेव्हरच्या टेबलावर नेऊन ठेवत होते. म्हातारा वेन्झेल दरवर्षी दोन हरणं आणायचा, त्याने यंदा पुढच्या गावात नेली. मला तोंड लपवावंसं वाटलं. पण आत, अगदी आत, थोडं बरंही वाटलं. खोटं कशाला सांगू?

गेल्या मंगळवारी मागचं दार उघडलं आणि ट्रेव्हर बाहेर आला. हातात बशी. त्याच्यामागे दारात अर्विन, डोक्यावर पांढरी टोपी, आचाऱ्याचं सोंग घेतल्यासारखा. ट्रेव्हरने बशी माझ्या फोनजवळ ठेवली. तो म्हणाला, लिंकनहून विचारणा झाली आहे, विक्री अशीच उतरली तर ही शाखा ठेवायची की नाही ते वरचे लोक बघतील. अर्विनचं म्हणणं आहे, तुम्ही चाखलंत तर तुम्हाला कळेल.

मला चाखायचीही गरज नव्हती. वास आला होता.

"चाखणं माझ्या कामात नाही," मी म्हटलं. "झाडलोट, फोन, ऑर्डरी. तुमच्याकडे फाइल आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. माहीत आहे म्हणाला, तरीही विनंती करतोय. मी त्याला सांगितलं, मग कागद करून आणा. या दुकानाची चव लव्हॉन ह्रुस्का ठरवते, असं लिहायचं, खाली सही, आणि फाइलीत वर लावायचं. तो म्हणाला की त्यासाठी लिंकनला विचारावं लागेल, आणि पगार काही वाढणार नाही. मी म्हटलं, पगार मागितलाय कुणी? तो जिथे माझा बाप बसायचा त्या काचेच्या खोलीत गेला आणि फोन लावायला लागला.

माझा फोन वाजला. लीलंड होता. तिकडे अंगणात लिंबं लागलीत, बोटं झकास हलतायत, भावाने नवी खुर्ची घेतली, वगैरे. मग म्हणाला, औषधासाठी इथला दवाखाना विमा कंपनीची परवानगी मागतोय, तू ट्रेव्हरशी बोलून टाक ना, तू तिथेच बसलेली आहेस.

"कामावर आहे मी, मालक," मी म्हटलं. "खासगी फोन घ्यायचे नाहीत असा नियम आहे. पाचनंतर कर."

मालक शब्द त्याने किती दिवसांनी ऐकला असेल. मी फोन ठेवला. पाचनंतर मी ट्रेव्हरशी बोलणार होतेच. नाही बोलले तर कोण बोलणार?

बशीतला गोळा थंड झाला, कडेने पांढरी चरबी धरली. अर्विन दारातच उभा होता. गरम करून आणू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नको, आधी कागद येऊ दे.

"आणि नाहीच आला तर?" तो म्हणाला.

नाही आला तर शाखा बंद, शाखा बंद तर विमा बंद, आणि विमा बंद तर लीलंडची बोटं. कागद आला काय, न आला काय, संध्याकाळपर्यंत मी तो गोळा तोंडात टाकणारच होते आणि मार्जोरम किती ते सांगणारच होते. हे मला माहीत होतं. माझ्याकडे बघून अर्विनलाही कळलं असावं. ट्रेव्हरला मात्र अजून कळलं नव्हतं, तो काचेमागे उभा राहून फोनवर माझं नाव एकेक अक्षर सांगत होता.